हनुवटीपर्यंतचे केस : ‘तेरे नाम’ आणि एका नकलेचा अर्थ

चित्रपटातल्या नटाचे पाहून केस वाढवणाऱ्या पुरुषांविषयी आपल्याकडे जे बोलले-लिहिले जाते, ते बहुतेक चेष्टेच्या सुरात. ‘झिपऱ्या’, ‘झुलपं’, ‘हिप्पी’ आणि अलीकडचा ‘छपरी’ हे सारे शब्द हिणवण्यासाठीच वापरात आहेत. पडद्यावर नट दिसला, पोरगा भुलला, त्याने नक्कल केली, एवढ्यावर विषय संपवला जातो. मला वेगळे म्हणायचे आहे. केसांची नक्कल हे त्या चित्रपटाचे एक वाचन असते. त्यात निवड असते, गाळणे असते आणि कधीकधी खुद्द चित्रपटाला दिलेला नकारही असतो. हे तपासण्यासाठी मी मुख्यतः एकच उदाहरण घेते : सतीश कौशिक दिग्दर्शित, १५ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झालेला ‘तेरे नाम’ आणि त्यातल्या सलमान खानचा मधला भांग.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. पुरुषाच्या डोक्यावर लांब केस ही काही चित्रपटाने आणलेली गोष्ट नव्हे. साधू-गोसावी केस राखत. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीपार्ट करणारी कित्येक मुलेही राखत. घरंदाज गृहस्थाच्या डोक्यावर मात्र घेरा आणि शेंडी असे. ती शेंडी काढून इंग्रजी पद्धतीचे केस ठेवणे हेच एकेकाळी बंड होते आणि त्यावरून घराघरांत भांडणे होत. म्हणजे आपल्याकडचे आधुनिक बंड आधी आखूड केसांनी केले. पुढे तेच आखूड केस शाळेची, कचेरीची आणि पोलीस-लष्कराची शिस्त बनले, तेव्हा बंडाला पुन्हा लांब केसांकडे वळावे लागले.

हिंदी चित्रपटात हे वळण १९७० नंतर स्पष्ट दिसते. देव आनंदचा कोंबडा कपाळावर कितीही उंच असला, तरी मानेवर तो सभ्यच होता. त्याच देव आनंदने १९७१मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’त हिप्पी पडद्यावर आणले ते इशारा म्हणून, नशेच्या आहारी गेलेल्या पिढीविषयी धोक्याची सूचना म्हणून. प्रेक्षकांतल्या तरुणांनी सूचना बाजूला ठेवली आणि पेहराव उचलला. माझ्या मुद्द्याची सुरुवात इथे आहे : चित्रपट ज्याचा निषेध करतो, नेमके तेच प्रेक्षक घरी घेऊन जाऊ शकतो.

मग अमिताभ बच्चनचे कान झाकणारे केस आले. ‘दीवार’मधला (१९७५) विजय गोदीतला हमाल आहे. हिप्पी केस ही तोवर कॉलेजात जाणाऱ्या, खिशात पैसे असलेल्या मुलांची चैन समजली जाई. विजयच्या डोक्यावरून ते केस कष्टकऱ्याच्या डोक्यावर गेले, आणि फॅक्टरीत जाणाऱ्या मुलालाही ते आपले वाटू लागले.

संजय दत्तने १९९१ ते १९९३ या काळात मानेवर रुळणारे केस ठेवले. त्या केसांना या काळात दोन परस्परविरोधी अर्थ चिकटले. ‘साजन’मध्ये (१९९१) ते एका पायाने अधू असलेल्या हळव्या कवीचे केस आहेत. ‘खलनायक’मध्ये (१९९३) ते बल्लू नावाच्या गुन्हेगाराचे आहेत. डोके तेच, केस जवळपास तेच. लांब केसांचा पुरुष एक तर कवी असतो नाहीतर गुंड, अशी ही विभागणी होती. ‘तेरे नाम’ने काय केले असेल, तर हे दोन्ही अर्थ एकाच माणसात कोंबले.

‘तेरे नाम’ हा बालाच्या ‘सेतू’ (१९९९) या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. राधे मोहन हा कॉलेजच्या आवारात दादागिरी करणारा तरुण निर्जरा या साध्या, भिडस्त मुलीच्या मागे लागतो. ती घाबरते. तो तिला पळवून नेतो, आपले प्रेम तिच्यावर लादतो, आणि चित्रपट त्याला ‘खरे प्रेम’ म्हणतो. ती होकार देते त्याच सुमारास गुंडांच्या मारहाणीत त्याच्या डोक्याला जबर इजा होते, भान जाते आणि त्याची रवानगी आश्रमात होते. उत्तरार्धात राधे आपल्याला दिसतो तो भादरलेल्या डोक्याचा, साखळदंडात. तो भानावर येऊन परततो तेव्हा निर्जराने जीव दिलेला असतो, आणि तो आपल्या पायांनी पुन्हा आश्रमाकडे निघतो.

आता एक साधी गोष्ट पाहावी. या चित्रपटात नायकाची दोन डोकी आहेत : हनुवटीपर्यंत केस सोडलेले आणि भादरलेले. शोकांतिका, म्हणजे चित्रपटाचे जे काही म्हणणे आहे ते, दुसऱ्या डोक्याच्या वाट्याला आले आहे. ‘सेतू’त विक्रमने आणि इथे सलमानने अभिनयाची मेहनतही त्याच भागावर केली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतून नक्कल मात्र पहिल्या डोक्याची झाली. सलूनच्या भिंतीवर गुळगुळीत कागदाचा तक्ता असे, प्रत्येक चेहऱ्याखाली आकडा. त्यावर सोडलेल्या केसांचा राधे होता, भादरलेला नव्हता. पोरांनी मध्यंतरापर्यंतचा चित्रपट घेतला आणि उरलेला परत केला. हे अज्ञान नव्हे. शेवट सगळ्यांना पाठ होता, त्या शेवटावर रडणारेही तेच होते. तरीही आरशासमोर त्यांनी त्या शेवटाला जागा दिली नाही.

दुसरी गोष्ट काळाची. नटाचा शर्ट, गॉगल, गळ्यातली साखळी संध्याकाळी बाजारातून आणता येते. केस आणता येत नाहीत. माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. नेहमीच्या कटिंगचे कपाळावरचे केस हनुवटीपर्यंत यायला जवळजवळ वर्ष लागते. ऑगस्टमध्ये चित्रपट पाहून ज्याने ठरवले, त्याच्या डोक्यावर राधे उगवला तो पुढच्या पावसाळ्यात. तोवर चित्रपट टॉकीजमधून गेलेला, खुद्द नटाने केस कापलेले. मधल्या महिन्यांत केस ना आखूड ना लांब, कानावर उभे राहणारे, अगदी बेंगरूळ. म्हणजे ज्याला आपण क्षणिक भुलणे म्हणतो, ते खरे तर वर्षभराचे व्रत होते. नवसाला केस राखणाऱ्या माणसाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

या व्रताला घरचा, शाळेचा, गावाचा विरोध रोज होई. माझ्या चुलतभावाने २००४मध्ये केस वाढवले तेव्हा मी अकरावीत होते. काका त्याच्याशी चार महिने बोलले नाहीत. ताट वाढले की तेवढे म्हणत, “केस ताटात पडतील, मागं घे.” शाळेत एका शिक्षकांनी प्रार्थनेच्या रांगेतच त्याच्या केसांना कात्री लावली, तीही एकाच बाजूने, म्हणजे दुसरी बाजू त्याला स्वतःहून कापावी लागेल. त्याने कापली नाही. तीन आठवडे तो तसाच, अर्धा राधे होऊन फिरला. त्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी दुसरी वस्तू नव्हती. कपडे थोरल्या भावाचे, सायकल काकांची, पुस्तके सेकंडहँड. केस तेवढे त्याचे होते, आणि त्यांना पैसे पडत नव्हते, न कापण्यात उलट वाचतच होते.

या स्वातंत्र्याला आपल्याकडे आणखी एक पदर आहे. बलुतेदारीच्या गावात न्हावी कोणाचे केस कापेल आणि कोणाचे नाही, हे जात ठरवी. गावकुसाबाहेरच्या माणसांना आपापसांतच केस कापून घ्यावे लागत. दलित आत्मकथनांतून ही वेदना आलेली आहे. एसटी स्टँडसमोरच्या सलूनने ती व्यवस्था सगळीकडे संपवली असे मी म्हणणार नाही. पण जो पैसे देईल तो खुर्चीत बसेल आणि तक्त्यावरचा आकडा सांगेल, ही गोष्ट ज्यांच्या आजोबांना मिळाली नव्हती, त्यांच्या दृष्टीने लहान नव्हती. नटाचा केस कोणत्याही जातीच्या डोक्यावर उगवू शकतो. चेष्टा करणाऱ्यांच्या मनात बऱ्याचदा हेच खुपत असते.

कारण केस लांब असणे हा आक्षेप नसतोच, ते कोणाच्या डोक्यावर आहेत हा असतो. ‘तेरे नाम’ आला तेव्हा देशातले सर्वांत प्रसिद्ध लांब केस राष्ट्रपती भवनात होते. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या मधल्या भांगाविषयी लोक प्रेमाने बोलत. ‘धूम’नंतर (२००४) जॉन अब्राहमच्या केसांची हवा होती, आणि त्याचा चाहता असलेला रांचीचा महेंद्रसिंह धोनी खांद्यावर केस घेऊन क्रिकेटच्या मैदानात उतरला. २००६मध्ये लाहोरला परवेझ मुशर्रफ यांनी त्या केसांचे जाहीर कौतुक केले आणि ते कापू नकोस असे सुचवले. त्या दिवशी धोनीला कोणी झिपऱ्या म्हटले नाही. अरुण साधूंच्या कादंबरीत रेल्वे स्टेशनवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलाचे नावच ‘झिपऱ्या’ आहे. यश मिळाले की केस ‘स्टाइल’ होतात, न मिळाले तर माणसाचे नाव होऊन बसतात.

इथपर्यंत मी त्या मुलांची बाजू मांडली. पण मी मुलगी होते, आणि मला ते केस दुसऱ्या बाजूनेही दिसत होते. क्लास सुटल्यावर स्टँडकडे जाणाऱ्या बोळात मधला भांग दिसला की आम्ही मुली दप्तर छातीशी धरून चालण्याचा वेग वाढवत असू. ते केस नुसते केस नव्हते. निर्जराला जसे ‘नाही’ म्हणता आले नाही, तसे तुम्हालाही येणार नाही, असे ते सांगत. केस वाढवणारा प्रत्येक मुलगा तसा होता असे नाही. माझा चुलतभाऊ तर मुलींशी बोलतानाही अडखळे. पण समोरून येणाऱ्या डोक्यात काय आहे हे आम्हाला कसे कळावे? त्याने पांघरलेली खूण आम्हाला वाचता येत होती, आणि त्या खुणेचा अर्थ चित्रपटाने ठरवून दिला होता.

म्हणून मला ‘पोरांनी पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध परत केला’ या वाक्याचा केवळ आनंद मानता येत नाही. उत्तरार्धात फक्त शिक्षा नव्हती, निर्जराचा मृत्यूही होता. तो परत केला म्हणजे तिची किंमतही परत केली. चित्रपटाने आधीच तिला बोलण्यापेक्षा घाबरायला जास्त जागा दिली होती. नकलेने तिला पुरती गाळून टाकले. एकतर्फी प्रेमातून होणारी हिंसा ‘तेरे नाम’ने आणली, असे म्हणणे खोटे होईल. १९९०मध्येच उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या केंद्रात घुसून एका मुलीला जाळण्यात आले होते. पण त्या हिंसेला देखणा चेहरा देण्याचे, तिच्या कपाळावर दोन रेशमी बटा सोडण्याचे काम या चित्रपटाने केले, हे समीक्षेने स्पष्ट म्हटले पाहिजे.

मग त्या केसांचे मूल्यमापन कसे करायचे? आपली समीक्षा इथे दोनपैकी एक सोपी वाट धरते. एक तर हा अडाण्यांचा बाजार म्हणून सोडून देते, किंवा हा दबलेल्यांचा उद्गार म्हणून डोक्यावर घेते. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर होत्या. घरात, शाळेत आणि जातीच्या उतरंडीत ते केस खरोखरच स्वातंत्र्य होते. स्टँडकडच्या बोळात तेच केस धाक होते. एकाच संध्याकाळी, एकाच मुलाच्या बाबतीत, दहा मिनिटांच्या अंतराने ते दोन्ही असू शकत. बापासमोर ताठ राहायला जे केस कामी आले, ते मुलीसमोर खाली घ्यायला त्याला कोणी शिकवले नव्हते. चित्रपटाने तर नाहीच, आणि कात्री चालवणाऱ्या शिक्षकांनीही नाही. त्यांनी केसांची लांबी मोजली. त्या केसांखाली प्रेमाविषयी कोणती समजूत वाढते आहे, हे विचारले नाही.

आज लांब केस पुन्हा आले आहेत. ‘केजीएफ’ (२०१८), ‘पुष्पा’ (२०२१), ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) आणि ‘छावा’ (२०२५) यांचे नायक दाढी आणि वाढवलेले केस घेऊन येतात. भिंतीवरचा तक्ता गेला. मुलगा मोबाइलमधला फोटो पुढे करतो. स्ट्रेटनिंगने तासाभरात पोत बदलतो, पॅचने लांबीही विकत मिळते. जी फॅशन पूर्वी वाट पाहून मिळे, ती आता पैशाने मिळू लागली आहे, आणि माझ्या चुलतभावासारख्याचा त्यातला फायदा संपत आला आहे. यातल्या बहुतेक नायकांचा राग राधेहून मोठा आणि शोक लहान आहे. राधेला निदान उत्तरार्ध होता. नव्या नायकांना तर पुढचा भाग मिळतो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मुलाच्या केसांकडे बोट दाखवून हसण्यापूर्वी, त्याने चित्रपटातले काय घेतले आणि काय सोडले, एवढे तरी विचारावे. आणि त्या चित्रपटातल्या मुलीला किती वाक्ये होती, तेही मोजावे.