मेकोंबचे दोन निवाडे

हार्पर ली ह्यांच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ह्या कादंबरीची थोरवी बहुधा अ‍ॅटिकस फिंच ह्या वकिलाच्या धीरोदात्तपणात शोधली जाते. आमच्या मते तिचे मर्म अन्यत्र आहे. अलाबामातील मेकोंब ह्या कल्पित गावचे दोन निवाडे तीत आहेत; दुसऱ्याचा विचार केल्यावाचून पहिल्याचा अर्थ पुरता लागत नाही.

पहिला निवाडा टॉम रॉबिन्सनचा. डावा हात निकामी झालेला हा कृष्णवर्णी मजूर. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा त्याच्यावर आरोप. वस्तुतः मिठी तिनेच मारलेली असते. तिला दूर लोटावे, तर गोऱ्या स्त्रीवर हात टाकल्याचा गुन्हा. पळावे, तर पळणे हाच अपराधाचा पुरावा! अंग सोडवून घेण्याचा साधा हक्कही त्याला नाही. गोरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळताना १७ गोळ्या लागून तो मरतो.

दुसरा निवाडा कोर्टापर्यंत जातच नाही. फिंचच्या मुलांवर हल्ला करणारा बॉब यूएल हा गोऱ्या बू रॅडलीच्या हातून मारला जातो, आणि यूएल आपल्याच सुरीवर पडला असे शेरीफ ठरवून टाकतो. वाचकास हायसे वाटते, आम्हांसही वाटले. परंतु ही दया टॉमच्या वाट्यास का आली नाही, हे लेखिका उघडपणे विचारीत नाही; फिंचही अखेर संमती देतो. येथे कादंबरी आपल्याच सत्यापासून किंचित मागे सरते.

हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. जिवाचे भय वाजवी असल्यास माघार न घेता प्रहार करण्याची मुभा फ्लॉरिडाने २००५ साली कायद्याने दिली. २०१२ साली तेथील सॅनफर्ड गावी ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी मुलगा मारला गेला. गोळी झाडणारा जॉर्ज झिमरमन स्वसंरक्षणाच्या बचावावर २०१३ साली निर्दोष सुटला. त्याच राज्यात मरिसा अलेक्झांडर ह्या कृष्णवर्णी स्त्रीने, नवऱ्यापासून जिवास धोका होता असे सांगत, गोळी झाडली होती. कोणासही इजा झाली नाही. तरी २०१२ साली तिला २० वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात रद्द झाली.

कचेरीत कलमे हाताळणाऱ्या आम्हांस एवढे ठाऊक आहे की, 'वाजवी' हा शब्द कलमात रिकामाच असतो. कलम लावणाऱ्याच्या मनात जे असेल तेच त्यात भरले जाते. मेकोंबने तो कोणासाठी भरला आणि कोणास नाकारला, हे ताडून पाहत वाचल्यास ही कादंबरी बालपणाच्या रम्य आठवणींहून पुष्कळ कठोर वाटेल. ती तशीच वाचावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे.