सोंग आणि कूळ : अमाटा पतंगाचे रसग्रहण

पावसाळ्यात खारघरच्या टेकडीवर गवताच्या पात्याला एक काळसर कीटक चिकटलेला असतो. पोटावर पिवळे पट्टे, अरुंद पंख, पंखांत काचेसारखे ठिपके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती गांधीलमाशीच वाटते. प्रत्यक्षात तो अमाटा प्रजातीतला, भर दिवसा उडणारा पतंग असतो. आपल्याकडे दिसणारी अमाटा पॅसॅलिस ही तिच्यातलीच एक जाती.

हे रूप सावकाश पाहावे. पंखांतल्या त्या खिडक्या खवले नसल्यामुळे पारदर्शक झाल्या आहेत. पतंगाचे सारे रंगवैभव खवल्यांत असते आणि इथे परिणाम साधला आहे तो खवले गाळून. मागचे पंख इतके आखूड की नजर थेट पट्टेदार पोटाकडे जाते. उडणे मात्र संथ. गांधीलमाशीची चपळाई त्यात नाही. सोंग दिसण्यात आहे, चालीत उतरलेले नाही.

या सोंगाखालचे कूळ शोधायला अभ्यासकांच्या पिढ्या लागल्या. लिनियसने 1758 मध्ये याच प्रजातीतली युरोपीय फेजिया ही जाती ‘स्फिंक्स’मध्ये घातली. फॅब्रिशियसने 1807 मध्ये ‘अमाटा’ वेगळी काढली. ब्रिटिश भारताच्या पतंगांवरील 1892 च्या ग्रंथात हॅम्पसनने या पतंगांना ‘सिंटोमिडी’ असे स्वतंत्र कूळ दिले. पुढे ते टायगर मॉथच्या कुळात सामावले गेले आणि एकविसाव्या शतकात डीएनएच्या अभ्यासानंतर ते अख्खे कूळच ‘एरेबिडी’चे उपकूळ झाले. आज अमाटा त्या उपकुळाच्या ‘सिंटोमिनी’ या शाखेत आहे.

कुळाचा दर्जा उतरला, पण नाते अधिक स्पष्ट झाले. पंख फसवतात, अमाटाची केसाळ अळी मात्र टायगर मॉथच्या केसाळ अळ्यांशी असलेली सोयरीक उघड सांगते. चंदनाची पाने खाणाऱ्या त्या अळीत गांधीलमाशीचा मागमूसही नसतो.

साम्य कमावता येते, नाते वारशाने येते. वर्गीकरण या दोन्हींतला फरक दाखवते, म्हणूनच ते मला रसग्रहणाचे अंग वाटते. गांधीलमाशीशी दूरान्वयानेही जवळीक नसलेल्या घराण्यातून हे रूप घडले, हे कळल्यावर त्या पिवळ्या पट्ट्यांचे मोल वाढते. खारघरला, कर्नाळ्याला जाणाऱ्याने हा पतंग दिसला की त्याचे रूप डोळे भरून पाहावे आणि त्याचे कूळही जाणून घ्यावे. दोन्ही कळल्याशिवाय अमाटा पुरता पाहिला असे होत नाही.