सूडपटातली बहीण

कांती शाह दिग्दर्शित 'गुंडा' (१९९८) मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही. दमून घरी आल्यावर लावावा असा तो चित्रपट आहे. हमाल शंकर म्हणजे मिथुन चक्रवर्ती, समोर बुल्ला म्हणजे मुकेश ऋषी. इथले खलनायक स्वतःची ओळखही यमक जुळवून करून देतात. वाईट कोण हे लगेच कळतं, पुढे डोक्याला ताप नाही.

नव्वदच्या दशकात मिथुनने उटीत बस्तान बसवलं. निर्मात्याने तिकडे जायचं, त्याच्याच हॉटेलात उतरायचं आणि कमी पैशांत, थोडक्या दिवसांत चित्रपट उरकायचा, असा तो व्यवहार. टी. एल. व्ही. प्रसाद यांनी त्याच्यासोबत असे एकामागून एक चित्रपट केले. 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला नट यात वाया गेला, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. 'गुंडा' याच सुमाराचा, आणि त्याची गंमत त्याच्या गरिबीतच आहे. मोठ्या बजेटच्या सूडपटात नायक आधी शोक करतो, पाऊस कोसळतो, व्हायोलिनं वाजतात. इथे तेवढी चैन परवडत नाही. प्रेत पडलं की नायक निघालाच. म्हणून हे चित्रपट हलके वाटतात, असं मी बरीच वर्षं मानत आलो.

अशा चित्रपटांची मी वही ठेवतो. साल, दिग्दर्शक, खलनायक, हत्यार, शेवटची मारामारी, असे रकाने. गेल्या भाऊबीजेला ताई आली होती. जेवणं झाल्यावर मी हौसेने 'गुंडा' लावला. शंकरच्या बहिणीवर अत्याचार होऊन ती मरते, तिथे मी पुढच्या संवादाची वाट पाहत होतो. ताईने विचारलं, "नाव काय रे तिचं?"

मला सांगता आलं नाही. वहीतही नव्हतं.

त्यानंतर मी तो पुन्हा पाहिला, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दिसली. बुल्लाच्या बहिणीलाही लंबू आटा असंच मारतो, आणि बुल्ला त्याचा सूड घेतो. म्हणजे नायक आणि खलनायक दोघांचंही कारण एकच. दोन बहिणी चटकन मेल्या नाहीत, तर पुढची मजा सुरूच होत नाही. माझा हलकेपणा त्यांच्या जिवावरचा होता.

पाहणं मी सोडलेलं नाही. ताईला ते आवडत नाही, आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. वहीत एक रकाना वाढवला आहे. जुने चित्रपट परत लावून तो भरतोय. शंकरच्या बहिणीचं नाव गीता.