टोचणे, पाजणे आणि अंगी लागणे : श्लेष्मल प्रतिकाराच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

शास्त्रीय परिभाषेचे परीक्षण करताना ती संस्कृतोद्भव आहे की देशी, सुबोध आहे की दुर्बोध, एवढेच आपण सामान्यतः पाहतो. ती वाचकाला वस्तूच्या स्वरूपाविषयी काय सुचविते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न बहुधा मागेच राहतो. नाक, घसा, फुप्फुसे व आतडी यांच्या ओलसर अस्तराचे रक्षण कसे होते, या विषयावरील मराठी लेखन वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

भोकर येथे लसीकरणाच्या एका सत्रात नातवाला घेऊन आलेल्या आजीने विचारले, “डोस तर पाजला, मंग आता टोचायलेत कशाला?” उत्तर मिळाले, “प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून.” आजीचा प्रश्न उत्तरापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होता, असे माझे मत आहे. ‘पाजणे’ आणि ‘टोचणे’ ही दोन क्रियापदे तिने वेगळी ठेवली होती. उत्तराने ती एकाच शब्दात बुडविली.

वस्तुस्थिती अशी की, टोचलेल्या पोलिओ लसीने रक्तात प्रतिपिंड निर्माण होतात व मुलाचे पक्षाघातापासून रक्षण होते. परंतु आतड्याच्या अस्तरावर तिचा प्रभाव अल्प पडतो, आणि विषाणू तेथे वाढून विष्ठेवाटे इतरांपर्यंत पोहोचू शकतो. पाजलेली लस आतड्यातच प्रतिकार जागविते व हा प्रसार रोखते. उलटपक्षी, तिच्यातील सौम्य केलेला जिवंत विषाणू क्वचित पुन्हा उग्र होतो. शिवाय, आधी पाजलेल्या लसीने तयार झालेल्या आतड्याचा प्रतिकार टोचलेल्या लसीने पुन्हा दृढ होतो. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २०१५ च्या अखेरीस टोचण्याची लसही राष्ट्रीय कार्यक्रमात आली, ती याच विचाराने. दोन्ही का, याचे उत्तर ‘किती’ या प्रश्नात नाही. ते ‘कोठे’ या प्रश्नात आहे.

‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाचा दोष येथेच आहे. शक्ती ही वाढते, घटते, साठते. तिला ठिकाण नसते. म्हणून टॉनिकाच्या बाटलीपासून काढ्यापर्यंत सर्व काही ती ‘वाढविते’. त्यात युद्धाच्या रूपकाची भर पडते : तटबंदी, सैनिक, शत्रू. परंतु आतड्याच्या अस्तराचे मुख्य कार्य लढाई हे नव्हे. रोज येणारे अन्न आणि तेथे कायम वसलेले अगणित जीवाणू यांना सहन करणे, हे त्याचे पहिले कर्तव्य. प्रत्येक परक्यावर शस्त्र उपसणारे आतडे स्वतःच सुजून निकामी होईल. किल्ल्यापेक्षा गावच्या वेशीची उपमा येथे अधिक जुळते : बाजारच्या दिवशी वेस बंद करून चालत नाही.

या वेशीवरचे प्रमुख द्रव्य म्हणजे स्रावी प्रतिपिंड ‘ए’. टोमासी व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये त्याचे वेगळेपण दाखविले. अस्तराखालील पेशी ते तयार करतात. अस्तराच्या पेशी वाहक प्रथिनाच्या साहाय्याने ते पलीकडे पोहोचवितात, आणि त्या वाहकाचा एक भाग कवचासारखा त्यास चिकटून राहतो. त्यामुळे पाचकरसांत ते टिकते. ते जंतूंना बहुधा ठार करीत नाही. त्यांना वेढून, श्लेष्म्यात अडकवून अस्तराला चिकटू देत नाही.

या दृष्टीने ‘श्लेष्मल’ हा पारिभाषिक शब्द उत्तम ठरतो. ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, आलिंगणे. काव्यातील श्लेषही त्याच धातूचा. ‘शेंबूड’ हा शब्दसुद्धा प्राकृतातील ‘सेंभ’ या रूपाच्या वाटेने त्याच कुळाशी जोडता येतो. मात्र कुलीन शब्द ग्रंथात गेला आणि घरातल्या शब्दाच्या वाट्याला किळस आली. चरकसंहितेने प्रकृतिस्थ श्लेष्म्याला बल आणि विकृत श्लेष्म्याला मल म्हटले आहे. आपल्या बोलीने त्यातील उत्तरार्ध तेवढा जपला.

ही किळस निरुपद्रवी नाही. बाळंतिणीच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधास आपण ‘चीक’ म्हणतो. झाडाच्या चिकट स्रावासही तोच शब्द. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरांतही आईचा चीक ‘खराब’ म्हणून पिळून टाकण्याची रीत होती, आणि ती सर्वत्र संपलेली नाही. त्या चिकात स्रावी प्रतिपिंड विपुल असतात, आणि आईच्या आतड्याला ज्या जंतूंची ओळख झाली, त्यांच्याविरुद्धचे ते असतात. कारण आतड्यात शिकलेल्या पेशी स्तनांपर्यंत प्रवास करतात. वासराच्या बाबतीत चिकातील प्रतिपिंड रक्तात शिरतात. मानवी अर्भकाला रक्तातील प्रतिपिंड वारेतून आधीच मिळालेले असतात. चिकातील प्रतिपिंड त्याच्या आतड्यातच राहून काम करतात.

हा भेद सांगण्यास मराठीत नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. “खाल्लेले अंगी लागत नाही” असे आपण म्हणतो, तेव्हा पोटात असणे आणि अंगात असणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानतो. आतड्याची पोकळी ही शरीरशास्त्राच्या दृष्टीने बाहेरच असते, हे पाठ्यपुस्तकाला परिच्छेदभर समजावून सांगावे लागते. वाक्प्रचारात ते सिद्धच आहे. वासराचा चीक अंगी लागतो, बाळाचा पोटात पहारा करतो.

पारिभाषिक शब्द रूढ झाला की त्याची व्युत्पत्ती कोणी पाहत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तज्ज्ञांपुरता तो मान्य आहे. परंतु विद्यार्थ्याला आणि त्या आजीला शब्द हाच पहिला शिक्षक असतो. ‘प्रतिकारशक्ती’ टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यामागे ‘रक्तातील’ किंवा ‘अस्तरावरील’ हे स्थलवाचक विशेषण लावावे, एवढाच आग्रह आहे. मग आजीला सरळ उत्तर देता येईल : पाजलेले आतड्यासाठी, टोचलेले रक्तासाठी, आणि आतड्याने पूर्वी शिकलेले टोचण्याने ताजे होते.