शेवटच्या इयत्तेच्या आठवणी

मुलींच्या शाळेतील अखेरच्या वर्षाच्या आठवणी हा आपल्या वाङ्मयातील लाडका प्रकार आहे; आमच्या मते थोडा लाडावलेलाही. पुण्याची हुजूरपागा १८८४ साली निघाली. घरून येणाऱ्या व वसतिगृहात राहणाऱ्या मुली तेथे एकत्र शिकत आल्या. परंतु अशा शाळांच्या आठवणी वाचावयास घ्याव्या, तो निरोपसमारंभ, बाईंचे पाणावलेले डोळे आणि बक्षिसे यांचीच रेलचेल! लेखिकेची घरची भाषा आणि शाळेची भाषा बहुधा एकच. मग झगडा दिसावा कोठून?

याउलट धडगावकडील आश्रमशाळा पाहा. सातपुड्यातील पाड्यावरून आलेली मुलगी घरी पावरी बोलते, पुस्तक मराठी. बहिःस्थ मैत्रीण सायंकाळी पावरीत परतते; निवासी मुलीला मात्र ती मैत्रिणींच्या कुजबुजीपुरतीच उरते. त्यातून शालान्त परीक्षा व होळी बहुधा एकाच सुमारास येतात. पाड्यावर ढोल घुमत असता हिने भूमितीची प्रमेये घोकावयाची! अशा मुलीने आठवणी लिहिल्या, तर निरोपाचे भाषण त्यांत नसले तरी चालेल. त्या रात्री तिने पुस्तक मिटले की नाही, आणि हे तिने कोणत्या भाषेत सांगितले, हे आम्ही आधी पाहू.