आघाडीच्या राजकारणातील पक्षादेश आणि पक्षघटना : शहापूर व मुरबाड मतदारसंघांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय संसदीय राजकारणात पक्षशिस्तीचा विचार प्रामुख्याने सभागृहातील मतदानापुरता केला जातो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची अस्तित्वात आली आणि पक्षादेशाविरुद्धचे मतदान हे सदस्यत्व गमावण्याचे कारण ठरले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षणही काढून घेतले. कायदा असा उत्तरोत्तर कडक होत गेला. मात्र पक्षादेश काढण्याचा अधिकार ज्या पक्षघटनेतून येतो, ती पक्षघटना दुर्लक्षितच राहिली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर (अनुसूचित जमातींसाठी राखीव) व मुरबाड या मतदारसंघांच्या आधारे या विसंगतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन मतदारसंघांतील पक्षांतराचे स्वरूप

शहापूरमध्ये २००९ साली दौलत दरोडा शिवसेनेतर्फे, तर २०१४ साली पांडुरंग बरोरा राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे निवडून आले. जुलै २०१९ मध्ये बरोरा यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन शिवसेनेत प्रवेश केला. त्यानंतर दरोडा राष्ट्रवादीत गेले व त्याच वर्षी विजयी झाले. उमेदवार तेच राहिले, केवळ पक्षांची अदलाबदल झाली. मुरबाडमध्ये किसन कथोरे २००९ साली राष्ट्रवादीचे आमदार होते. २०१४ पासून ते भारतीय जनता पक्षातर्फे सातत्याने निवडून येत आहेत.

या स्थित्यंतरांत कोणताही कायदेभंग नाही. राजीनामा देऊन वा निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणे कायद्याला मान्य आहे. म्हणजेच दहावी अनुसूची सभागृहात उंचावलेल्या हातावर लक्ष ठेवते. परंतु उमेदवारी कोणाला, कोणत्या निकषावर व कोणाच्या संमतीने द्यावी, याबाबत ती मौन बाळगते. तालुका पातळीवरील कार्यकर्त्याला या निर्णयात मत नसते. निर्णय झाल्यावर त्याने केवळ प्रचार करावा, एवढीच अपेक्षा असते.

पक्षादेश कोणाचा?

या उणिवेचे परिणाम २०१९ नंतर स्पष्ट झाले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी झालेल्या शपथविधीनंतर राष्ट्रवादी काँग्रेसने अजित पवार यांना विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदावरून दूर केले. अशा स्थितीत शहापूरच्या आमदारासह पक्षाच्या प्रत्येक सदस्यावर कोणाचा आदेश बंधनकारक, असा प्रश्न उभा राहिला. २६ नोव्हेंबरला सरकारने राजीनामा दिल्याने त्याचे उत्तर सभागृहात मिळाले नाही.

शिवसेनेच्या बाबतीत मात्र उत्तर द्यावे लागले. प्रतोद व गटनेता नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी निवडणूक आयोगाच्या नोंदीतील १९९९ ची पक्षघटना ग्राह्य धरली, २०१८ ची नाही. आणि विधिमंडळातील बहुमताच्या आधारे एकनाथ शिंदे यांचा गट हाच मूळ पक्ष ठरविला. कोणीही अपात्र झाले नाही. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात राष्ट्रवादी काँग्रेसबाबतही विधिमंडळातील बहुमतच निर्णायक ठरले. पक्षाने आमदारांना शिस्त लावावी, हा कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात आमदारांची संख्याच पक्ष कोणता हे ठरवू लागली. अंतर्गत निवडणुका व घटनादुरुस्त्या यांची नोंद काटेकोर ठेवणे हे कारकुनी काम नव्हे, हा यातील धडा होय.

आघाडी आणि मतदार

आघाडीच्या संदर्भात ही उणीव अधिक गंभीर होते. २०१९ साली मुरबाडमध्ये कथोरे हे शिवसेना-भाजप युतीचे उमेदवार होते. शहापूरमध्ये शिवसेनेचे बरोरा व राष्ट्रवादीचे दरोडा एकमेकांविरुद्ध लढले. निकालानंतर त्यांचे पक्ष एकाच सरकारात सहभागी झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचा अजित पवार गट शिवसेना-भाजप सरकारात गेला. प्रत्येक वेळी मतदाराने दिलेल्या कौलाचा अर्थ बदलला. परंतु दहावी अनुसूची निवडणूकपूर्व आघाडीला ओळखतच नसल्याने कोठेही शिस्तभंग घडला नाही.

उलटपक्षी, महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ पक्षाबरोबरच आघाडीचाही विचार करतो. शहापूर वा मुरबाड नगरपंचायतीतील नगरसेवकाला आघाडीच्या आदेशाविरुद्धचे मतदान भोवू शकते. राज्याच्या सभागृहात आघाडी मोडणाऱ्या पक्षाला मात्र कसलाही जाब द्यावा लागत नाही.

दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. मुंबईला पाणी पुरविणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा प्रश्नावर आमदाराने पक्षादेश पाळावा की मतदारसंघाची बाजू घ्यावी? १९९२ च्या किहोतो होलोहन निकालात पक्षादेशाची व्याप्ती विश्वासदर्शक ठरावापुरती व पक्षाच्या मूलभूत धोरणापुरती असावी, असे सूचित झाले होते. व्यवहारात ही मर्यादा क्वचितच पाळली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पक्षादेशाचा अतिरेक आणि पक्षघटनेची उपेक्षा या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. विधी आयोगाच्या १९९९ च्या १७० व्या अहवालात निवडणूकपूर्व आघाडीला दहाव्या अनुसूचीच्या दृष्टीने एक पक्ष मानावे, तसेच सरकारचे अस्तित्व पणास लागले असेल तेव्हाच पक्षादेश काढावा, अशा शिफारशी होत्या. त्यांच्या जोडीला उमेदवारी, नेतेनिवड व आघाडीचे निर्णय यांत स्थानिक सभासदांना मतदानाचा हक्क देणारी पक्षघटना आवश्यक आहे. ज्या पक्षात सभासदाच्या मताला किंमत नाही, त्या पक्षाने आमदाराच्या मतावर हक्क सांगणे नैतिकदृष्ट्या दुबळेच ठरते.