मराठी विकिपीडियावरील कासवविषयक लेखन : संज्ञा आणि पुरावा

प्रस्तावना :
मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदी लेखकाच्या नावानिशी छापल्या जातात. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत वेगळी आहे. तेथे कोणीही लेख लिहू शकतो व दुरुस्तही करू शकतो. लेखकाच्या अधिकाराची जागा तेथे प्रकाशित संदर्भाने घ्यावयाची असते. कासवांच्या प्रजातींवरील लेखनात ही अपेक्षा कितपत पुरी होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेचा प्रश्न :
इंग्रजी लेख समोर ठेवून मराठी लेख रचताना पहिली अडचण नावाची येते. इंग्रजीत भूचर कासवांना स्वतंत्र नाव आहे. मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द सर्वांना चालतो. परिणामी समुद्रात राहणारे ऑलिव्ह रिडले व कोरड्या, झुडपी प्रदेशातील तारा कासव यांची माहिती एकमेकांत मिसळण्याचा धोका संभवतो. पहिल्याचे पाय वल्ह्यांसारखे, तर दुसऱ्याचे खांबांसारखे असतात. सापडलेले तारा कासव भूतदयेपोटी खोल पाण्यात सोडल्यास ते बुडून मरते. म्हणून नावाआधी ‘सागरी’, ‘गोड्या पाण्यातील’ वा ‘भूचर’ असे विशेषण देणे ही शास्त्रीय गरज ठरते.

पुराव्याचा प्रश्न :
दुसरी अडचण कालबाह्य माहितीची. तारा कासव २०१९ मध्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले. जुन्या पुस्तकाच्या आधारे लिहिलेला लेख संदर्भयुक्त असूनही चुकीचा ठरू शकतो. आणि कासव घरात ठेवणे शुभ मानणाऱ्या समाजात अशी चूक निरुपद्रवी राहत नाही.

ऑलिव्ह रिडलेबाबतही हेच दिसते. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील माद्यांचे समूह वेगळे असावेत, असा समज होता. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. एका मादीवरून दोन्ही समूह एकच असल्याचे सिद्ध होत नाही. मात्र ते पूर्णतः विभक्त असल्याचे विधानही टिकत नाही. चांगल्या संपादकाने येथे निष्कर्ष न लिहिता वर्षासह नोंद द्यावी.

याच गुहागर तालुक्यात वेळणेश्वर आहे. उत्तरेस मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरटी राखण्याचे काम उभे केले. अशा किनाऱ्यांवरील जाणत्या माणसाला घरट्यांचा हंगाम, वाळूचा पोत व कोल्ह्याकुत्र्यांचा उपद्रव प्रत्यक्ष ठाऊक असतो. तथापि विकिपीडियाच्या नियमानुसार अप्रकाशित निरीक्षण ग्राह्य धरले जात नाही. नियम योग्यच आहे. तो शिथिल केल्यास ऐकीव माहितीलाही दार उघडेल. मात्र त्यामुळे ज्ञान किनाऱ्यावर असूनही मराठी लेखाला आधार इंग्रजी ग्रंथांचाच शोधावा लागतो.

समारोप :
तात्पर्य, हा दोष केवळ स्वयंसेवकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ज्या भाषेत निरीक्षणे छापलीच जात नाहीत, त्या भाषेतील मुक्त ज्ञानकोश भाषांतरावरच जगणार. किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी घरट्यांच्या नोंदी तपासून आपल्या नियतकालिकांतून मराठीत प्रसिद्ध केल्या, तर संपादकास आधार मिळेल. विद्यार्थ्यांकडून लेखांची संख्या वाढवून घेण्यापूर्वी प्राध्यापकांनी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.